संरक्षित निसर्गक्षेत्रात जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलात पहिल्यांदा निघालेली माणसं आणि दहा वेळा जाऊन आलेली माणसं जवळजवळ सारखेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. काहींना एक ओळ पुरते, काहींपाशी जरा थांबावं लागतं. एक गोष्ट आधीच सांगतो. ‘काय दिसेल?’ एवढंच मनात धरून गेलात तर सगळं नशिबावर राहतं. ‘ही जागा कशी आहे, इथे कोण का राहतं?’ असं विचारत गेलात तर पहिल्या वळणापासूनच दिसायला लागतं.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प, बायोस्फिअर रिझर्व्ह : यांत फरक काय?

फरक आहे तो कोणाला काय करायची मुभा आहे यात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला मनाई असते आणि तिथल्या जमिनीवर खासगी हक्क राहत नाहीत. अभयारण्यात मात्र काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात. व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग असतात : आत गाभा, भोवती बफर म्हणजे संरक्षक पट्टा. युनेस्कोच्या बायोस्फिअर रिझर्व्हमध्ये गाभा आणि बफरच्या बाहेर तिसरा पट्टाही असतो. तिथे माणसं राहतात, शेती करतात आणि तेही त्या योजनेचाच भाग असतात.

जगभरात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेची सहा गटांची वर्गवारी वापरली जाते. तिच्या एका टोकाला जवळजवळ फक्त संशोधकांनाच पाऊल ठेवता येईल अशा जागा आहेत आणि दुसऱ्या टोकाला स्थानिक लोक जंगलातून बेताने उपज घेतात अशा. ‘राष्ट्रीय उद्यान’ हे नाव १८७२ साली अमेरिकेतल्या यलोस्टोनपासून चालत आलं, पण आज त्या नावाखाली देशोदेशी वेगवेगळे नियम आहेत. म्हणून आधीच्या सहलीचे नियम नव्या जागी लागू होतील असं धरून चालू नका. एका फाटकातून पायी जाता येतं, पुढच्या फाटकातून गाडीनेही जाता येत नाही.

‘विविध अधिवास’ असं माहितीत लिहिलेलं असतं. त्याचा मला काय उपयोग?

सगळ्यात जास्त उपयोग याचाच आहे आणि नेमकी हीच ओळ लोक वाचून सोडून देतात.

अधिवास म्हणजे प्राण्याचं घर एवढंच नाही. खाणं, पाणी, आडोसा आणि पिल्लं वाढवायला निवांत जागा, या चारही गोष्टी त्याला तिथे जमल्या पाहिजेत. बऱ्याच प्राण्यांना त्या एकाच प्रकारच्या जागेत मिळत नाहीत. चितळ चरतं उघड्यावर, पण पळून शिरायला त्याला झाडी लागते. गेंड्याला उंच गवत हवं आणि अंग बुडवायला डबकंही हवं. म्हणून जिथे दोन अधिवास एकमेकांना भिडतात, म्हणजे कुरण संपून झाडी सुरू होते, नदीकाठची हिरवी पट्टी कोरड्या रानाला लागते, चिखल संपून पाणी सुरू होतं, तिथे वर्दळ जास्त असते. नकाशा मिळाला की मी आधी या कडा शोधतो. दाट झाडीच्या पोटात तासभर फिरण्यापेक्षा अशा एका कडेवर अर्धा तास थांबणं जास्त फळतं.

राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव उद्यान बघा. क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर, पण नोंदलेल्या पक्ष्यांच्या जाती ३५०हून जास्त. कारण तेवढ्याशा जागेत उथळ पाणी, खोल पाणी, ओलं गवत, कोरडं माळ, बाभळी आणि कदंबाची झाडी असं सगळं शेजारी-शेजारी आहे. पाण्याची खोली हातभर बदलली तरी पक्षी बदलतात. उथळ काठावर लांब पायांचे शेकाटे, त्यापलीकडे पाण्यात डोकं खुपसून शेपूट वर करणारी बदकं, त्याहून खोल पाण्यात बुडी मारणारे पाणकावळे. एकाच जागी उभं राहून डोळे काठापासून मध्याकडे नेत गेलात तरी ही उतरंड दिसते. हे पाणथळ माणसाने बांध घालून तयार केलेलं आहे, हेही इथे सांगायला हवं. पाणी वेळेवर सोडलं नाही तर पक्षी येत नाहीत. सायबेरियन क्रौंच इथे शेवटचे २००२ साली दिसले.

कोणत्या ऋतूत जावं?

काय बघायचं आहे त्यावर ठरतं. पानगळीच्या जंगलात उन्हाळा चांगला. पानं झडलेली असतात, पाणी थोड्याच पाणवठ्यांवर उरलेलं असतं आणि प्राणी तिथे येतातच. पाणथळ जागी हिवाळा, कारण उत्तरेकडून आलेले पक्षी तेव्हा मुक्कामाला असतात. सदाहरित जंगलात पाऊस पडल्यावर बेडूक, बुरशी, कीटक यांचं जे जग उघडतं ते कोरड्या दिवसांत सापडणार नाही. मात्र तेव्हा वाटा बंद असण्याची शक्यता मोठी. बंद काळ लोकांना जाच वाटतो. पण तो रस्ते वाहून जातात म्हणून असतो, तसाच बऱ्याच प्राण्यांचा तो पिल्लांचा हंगाम असतो म्हणूनही असतो.

काही ठिकाणी ऋतूचं गणित उलटं चालतं. बोत्स्वानातल्या ओकावांगो त्रिभुज प्रदेशात पूर येतो तो तिथल्या कोरड्या दिवसांत, साधारण जून ते ऑगस्टमध्ये. पाऊस पडलेला असतो जानेवारी-फेब्रुवारीत, दूर अंगोलाच्या डोंगरांत. ते पाणी सपाट जमिनीवरून सावकाश सरकत यायला काही महिने घेतं. भोवतालचा मुलूख सुकलेला असताना इथे पाणी पसरतं, म्हणून हत्ती, म्हशी, हरणं सगळी इकडे लोटतात. ‘पावसाळा टाळा’ हा सरसकट सल्ला इथे निरुपयोगी ठरतो.

टांझानियातल्या सेरेंगेटी उद्यानातही तसंच. विल्डबीस्टचे, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या कुरंगांचे, कळप वर्षभर गवताच्या मागे फिरत असतात. त्यांचं पिल्लं होणं बघायचं तर फेब्रुवारीच्या आसपास दक्षिणेकडची आखूड गवताची मैदानं, मारा नदी ओलांडणं बघायचं तर साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये उत्तरेचा भाग. उद्यान तेच, पण चुकीच्या महिन्यात चुकीच्या टोकाला गेलात तर त्या कळपांची धूळही दिसणार नाही.

आणि दिवसाची कोणती वेळ?

पहाट. दुसरा पर्याय संध्याकाळ. भर दुपारी बहुतेक सस्तन प्राणी सावलीत पडून असतात. अपवाद सरपटणाऱ्यांचा आणि फुलपाखरांचा, त्यांना ऊन लागतं. आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं आणि गरुडही जमीन तापून हवा वर उठायला लागली की मगच वर चढतात, तेव्हा त्यांच्यासाठी सकाळी उशिरा वर बघा.

वाघ, सिंह, बिबट्या दिसेलच ना?

याची खात्री कोणी देत असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नका. अशी खात्री पाळायची तर प्राण्याचा रस्ता अडवावा लागतो, दहा गाड्या एका जागी आणाव्या लागतात किंवा आमिष ठेवावं लागतं.

दिसण्याची शक्यता मात्र वाढवता येते आणि तीही डोळ्यांपेक्षा कानांनी. मध्य भारताच्या जंगलात शिकारी जनावर चालायला लागलं की बाकीचे त्याची खबर देतात. चितळ तीक्ष्ण, आखूड शीळ घातल्यासारखं ओरडतं. वानर झाडावरून खाकरल्यासारखा आवाज काढतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. आणि सांबर एकच खणखणीत ‘ढांक’ करतं. गाईड मंडळी याला ‘कॉल’ म्हणतात. चितळाच्या कॉलवर ते मान वळवतात, सांबराच्या कॉलवर इंजिन बंद करतात. कारण चितळ शंका आली तरी ओरडतं. सांबर सहसा डोळ्यांनी बघितल्याशिवाय किंवा पक्का वास आल्याशिवाय ओरडत नाही.

एकदा एका नाल्याच्या वळणावर आम्ही असेच थांबलो होतो. सांबराची मादी पलीकडच्या काठावर उभी, पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, कान पुढे. तिने पाय जमिनीवर आपटला आणि ‘ढांक’ केलं. मग पूर्ण शांतता. पंधराएक मिनिटं ती त्याच दिशेला बघत होती आणि आम्ही तिच्याकडे. कारवीच्या एका झुडपाचा शेंडा हलला, पुढचा हलला, मग त्याच्या पुढचा. अंगावरचा एकही पट्टा दिसला नाही. पण झुडपं कोणत्या क्रमाने हलली त्यावरून ते जनावर आमच्या समोरून उजवीकडे गेलं हे कळलं. मग सांबराने मान खाली घातली आणि ती चरायला लागली. मी वाघ अनेकदा पाहिला आहे आणि तरी ही सकाळ मला त्यातल्या बहुतेक वेळांपेक्षा जास्त लख्ख आठवते.

मागून दोन गाड्या आल्या, ‘काय आहे?’ विचारलं, ‘सांबर’ म्हटल्यावर निघून गेल्या. त्यांना दोष देत नाही, पण थोडं थांबायला हवं होतं असं वाटतं.

प्राण्यापासून किती अंतर ठेवायचं?

ठिकठिकाणी आकडे ठरलेले आहेत आणि ते प्राण्यानुसार बदलतात. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यापासून किमान ९१ मीटर, गवा आणि एल्क या मोठ्या हरणापासून किमान २३ मीटर. तिथला गवा, म्हणजे बायसन, दिसायला गुरासारखा संथ, पण धावायला लागला की माणसाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने धावतो. गालापागोस बेटांवर दोन मीटर, कारण तिथले प्राणी माणसाला घाबरून पळत नाहीत आणि मागे सरायचं काम आपल्यालाच करावं लागतं. अंटार्क्टिकात पेंग्विनपासून पाच मीटर, आणि पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर आपण जागच्या जागी उभं राहायचं. ऑस्ट्रेलियाच्या काकाडू उद्यानात मगरींच्या पाण्याच्या काठापासून किमान पाच मीटर. तिथे मगर दिसत नसली तरी ती आहे असंच धरायचं.

पर्वतीय गोरिलांच्या बाबतीत अंतर राखलं जातं ते त्यांच्या बचावासाठी. त्यांची शरीररचना आपल्या इतकी जवळची की आपली सर्दी-खोकला त्यांना लागतो आणि त्यात ते दगावू शकतात. म्हणून रवांडा आणि युगांडात दिवसाला एका कुटुंबाला जास्तीत जास्त आठ पर्यटक भेटतात, तेही तासभर, सात ते दहा मीटर लांबून. आजारी माणसाला परत पाठवतात आणि १५ वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. इतक्या लांब जाऊन, इतका खर्च करून ऐन वेळी नाक वाहायला लागलं तर लपवावंसं वाटेल. लपवू नका.

आकडा ठरलेला नसेल तिथे माझी एकच खूण : तुमच्या येण्याने प्राण्याने जे चाललं होतं ते थांबवलं, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. चरणाऱ्याने मान वर केली, कान तुमच्याकडे वळले, पक्षी अंड्यांवरून उठला, हत्तीने कान पसरून तुमच्याकडे तोंड केलं, की त्याच क्षणी सावकाश मागे सरायचं. पळायचं नाही.

गाडीतून खाली उतरलं तर काय बिघडतं?

बऱ्याच प्राण्यांना गाडी हा एक मोठा, ओळखीचा, निरुपद्रवी ठोकळा वाटते. त्यातून बाहेर आलेला माणूस वेगळा काढता येतो आणि मग एक तर प्राणी पळतो किंवा अंगावर येतो. ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही उतरू नका. गाडीतून कमरेपर्यंत बाहेर वाकणं हेही उतरण्यासारखंच.

वेगाबद्दलही इथेच सांगतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे. ती मर्यादा पाळूनही काही बघायचं असेल तर वेग तिच्या निम्म्यावर आणा. रस्त्यावर ऊन खात पडलेला साप, शेणाचा गोळा ढकलत रस्ता ओलांडणारा भुंगा, कासव, यांना ४०चा वेगसुद्धा फार होतो.

वाट सोडून दहा पावलं आत गेलं तर?

मी गेलो आहे, म्हणून सांगतो. माळरानावर एका तळ्याकाठी पायवाट सोडून खडकाळ पट्टीवरून चालत होतो, चांगला कोन मिळावा म्हणून. टिटवीची जोडी डोक्यावर आरडाओरडा करत घिरट्या घालायला लागली. मला वाटलं, टिटव्या ओरडतातच. मग माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी दिसली. घरटं असं काही नव्हतंच, खड्यांमध्ये किंचित खोलगट जागा आणि त्यात खड्यांच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची अंडी, टोकं आत वळवून ठेवलेली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर मला कळलंही नसतं.

पण पाऊल न पडताही नुकसान होतंच, हे मला नंतर समजलं. उन्हाच्या दिवसांत उघड्यावरची अंडी तापून आतला जीव मरू शकतो. टिटवी अंड्यांवर बसते ती बरेचदा ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते. मी तिथे जितका वेळ घुटमळलो तितका वेळ ती अंडी उन्हात होती. त्यानंतर मी वाट सोडलेली नाही.

काही जमिनी तर स्वतःच जिवंत असतात. अमेरिकेत युटा राज्यातल्या वाळवंटी उद्यानांत मातीवर काळपट, खडबडीत साय दिसते. ती सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफुलांची बनलेली असते. वाळू धरून ठेवणं, पाणी मुरवणं हे तीच करते. बुटाचा एक ठसा भरून यायला तिला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात.

वानरांना, पक्ष्यांना थोडं खायला घातलं तर पुण्यच ना?

भावना समजते, पण नको. खाऊ मिळालेलं वानर पुढच्या गाडीवर चढतं, त्याच्या पुढच्या गाडीत हात घालतं, मग कोणाला तरी चावतं आणि शेवटी पिंजऱ्यात जातं. यलोस्टोनमध्ये अनेक दशकं लोक रस्त्याकडेच्या अस्वलांना खायला घालत होते. माणसं जखमी होत राहिली आणि माणसाच्या खाण्याला चटावलेली अस्वलं मारावी लागली. १९७०च्या सुमारास हे बंद करायला उद्यानाला फार कष्ट पडले. आणखी एक : खायला घालायची जागा बहुधा रस्ताच असते. तिथे थांबायला शिकलेली पिल्लं गाड्यांखाली येतात.

फोटो काढताना काय सांभाळायचं?

फ्लॅश नको. निशाचर प्राण्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि फ्लॅशने ते काही काळ दिपू शकतात. घुबड उडता उडता फांदीवर आपटू शकतं.

ड्रोन जवळजवळ सगळीकडे बंद आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी २०१४मध्येच बंदी घातली. पक्ष्यांना ड्रोन शिकारी पक्ष्यासारखा वाटतो आणि अख्खी वसाहत एकदम उठली की अंडी-पिल्लं उघडी पडतात.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हा प्रकार वाढला आहे. तो आवाज नराला ‘माझ्या हद्दीत दुसरा नर आला’ असा ऐकू येतो. मग तो चारा शोधणं, पिल्लांना भरवणं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडायला येतो. तुमचा फोटो होतो, त्याची सकाळ जाते. तुमच्यामागून आलेला दुसरा फोटोग्राफरही तेच करतो. घरट्याचे फोटो तर काढूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चांगला दिसावा म्हणून समोरची फांदी बाजूला केली जाते आणि तीच फांदी कावळ्यापासून घरटं लपवत असते.

फोटो टाकताना नेमकं ठिकाण लिहू नका आणि फोटोतली लोकेशनची नोंद काढून टाका. गेंडा, खवले मांजर, दुर्मिळ ऑर्किड, तारा कासव यांचे पत्ते शिकारी आणि तस्करही वाचत असतात.

कोणते कपडे घालावेत?

मातकट, फिकट हिरवे, राखाडी. बहुतेक सस्तन प्राण्यांना रंगांपेक्षा हालचाल आणि वास जास्त कळतो, तेव्हा अत्तर न लावणं हे शर्टाच्या रंगापेक्षा महत्त्वाचं. पक्ष्यांना मात्र रंग उत्तम दिसतात. पूर्ण बाह्या ठेवा. आफ्रिकेत रक्त पिणाऱ्या त्सेत्से माश्यांच्या भागात गडद निळा आणि काळा रंग टाळा, त्या रंगांकडे त्या येतात. काही देशांत लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालणं हाच गुन्हा आहे.

दुर्बीण कोणती?

८×४२. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहापट किंवा बारापटीची घेतली तर हाताचं थरथरणंही तेवढंच मोठं होतं आणि दृश्याचा घेर आवळतो. पहाटेच्या मंद उजेडात मोठं भिंग उपयोगी पडतं. कॅमेरा नसला तरी चालेल, दुर्बीण हवीच. आणि माणशी एक. एकाच दुर्बिणीची वाट बघता बघता पक्षी उडून जातो.

बूट धुवायला का सांगतात?

कारण तुमच्या बुटांच्या खाचांमधून दुसऱ्या जंगलाची माती येते आणि मातीबरोबर बिया, बुरशी, रोग. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाचे प्रचंड, शेकडो वर्षं जगणारे वृक्ष एका मातीतून पसरणाऱ्या रोगाने वाळून मरत आहेत. मुळांना तो रोग लागला की उपाय जवळजवळ नाही. म्हणून तिथे वाटेच्या तोंडाशीच ब्रश आणि जंतुनाशकाची सोय असते. काही वाटा तर बंदच केल्या आहेत. अंटार्क्टिकात उतरण्याआधी बूट धुतात, खिसे आणि पिशव्यांचे कोपरे झटकून घेतात, वेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने काढतात. एकाच वेळी शंभरांहून जास्त माणसं किनाऱ्यावर उतरवत नाहीत.

घरून निघताना बूट धुऊन, वाळवून न्या. परतल्यावर पुन्हा धुवा.

पडलेलं पीस किंवा शिंग आणलं तर चालतं का?

नाही. अनेक देशांत ते थेट बेकायदा आहे, ‘सापडलं’ म्हटल्याने सुटका होत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी गळून पडलेलं शिंग जंगलात वाया जात नसतं. साळिंदर आणि उंदीर ते कुरतडतात, त्यांना त्यातून कॅल्शियम मिळतं. शिंगावर समांतर दातांच्या बारीक रेघा दिसल्या तर त्या त्यांच्याच. फोटो काढा आणि तिथेच ठेवा.

लहान मुलांना न्यावं का?

न्यावं, पण मोठ्यांच्या वेळापत्रकाने नाही. चार तास गाडीत गप्प बसणं त्यांना जमत नाही आणि मग सगळ्यांचीच चिडचिड होते. त्यापेक्षा फळ्यांची पायवाट असलेलं पाणथळ किंवा पक्षी बघायची लपण असलेली जागा निवडा. मुलांना मुंगीसिंहाचे वाळूतले खळगे, कोळ्याची जाळी, चिखलातले पायांचे ठसे दाखवा. ते जमिनीजवळ असतात, त्यांना हे आपल्याआधी दिसतं.

जळवा, गोचीड, साप यांचं काय?

जळू चावल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. बघून घाबरायला होतं, धोका फारसा नसतो. नखाने तिचं तोंड बाजूने सरकवून सोडवा, जखम धुवा.

गोचिडीला मात्र हलक्यात घेऊ नका, काही भागांत तिच्यातून गंभीर आजार येतात. परतल्यावर काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, केसांची मुळं तपासा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, जळती काडी असले प्रयोग करू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आली तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आठवणीने सांगा. मलेरियाच्या प्रदेशात जाणार असाल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, गोळ्या आधीपासून सुरू कराव्या लागतात.

साप बहुतेक वेळा तुमच्या पावलांची कंपनं जाणवून आधीच निघून जातो. दिसत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही, रात्री विजेरीशिवाय चालायचं नाही, आणि चावलाच तर वेळ न घालवता दवाखाना.

सागरी उद्यानात वेगळं काय?

पोवळ्यांना हात किंवा पायात घातलेले पोहण्याचे पंख (फिन) लावू नका, त्यावर उभे राहू नका. ते दगड नाहीत. गोळ्यासारखी वाढणारी पोवळी वर्षाला काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटीमीटर एवढीच वाढतात. उन्हासाठी मलम लावण्याऐवजी अंगभर पोहण्याचा पोशाख घाला. काही मलमांतली रसायनं पोवळ्यांना घातक ठरतात म्हणून पलाऊ या बेटांच्या देशाने २०२०पासून आणि हवाईने २०२१पासून अशा मलमांवर बंदी आणली. कासवांच्या किनाऱ्यावर रात्री विजेरी, मोबाईल बंद. अंड्यांतून निघालेली पिल्लं उजेडाकडे चालतात, आणि त्यांच्या हिशेबाने सगळ्यात उजळ दिशा समुद्राची असायला हवी.

गाईड घेणं सक्तीचं नसेल तर घ्यावा का?

घ्यावा, आणि त्याच भागातला घ्यावा. पहिल्या पाच मिनिटांत त्याला सांगा की तुम्हाला वाघाची घाई नाही. हे ऐकल्यावर गाईड कसा बदलतो हे मी कित्येकदा पाहिलं आहे. गाडी पळवायचं ओझं उतरतं आणि मग तो अर्जुनाच्या सालीवरचे अस्वलाचे ओरखडे दाखवतो, कोणत्या ढोलीत घुबड आहे ते सांगतो. उद्यानाचा पैसा आजूबाजूच्या गावांत पोचण्याचा हा सगळ्यात सरळ रस्ताही आहे. रवांडात उद्यानांच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा भोवतालच्या लोकांसाठी ठेवला जातो. ज्यांच्या शेतात जंगलातून डुक्कर आणि हत्ती येतात त्यांना जंगलाकडून काही मिळायलाच हवं.

आमच्या जाण्यानेच जंगलाचं नुकसान होत नाही का?

होतं. रस्ते, आवाज, पाणी, प्लास्टिक, फाटकालगत उगवलेली हॉटेलं, सगळ्याचा भार पडतो. पण जिथे कोणीच जात नाही तिथली लाकूडतोड आणि शिकारही कोणाला दिसत नाही, हेही तितकंच खरं. काझीरंगात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजके एकशिंगी गेंडे उरले होते, आज दोन हजारांहून जास्त आहेत. त्यामागे मुख्यतः पहारेकऱ्यांचे कष्ट आहेत, पण लोकांना ती जागा आपली वाटणं हेही आहे. तिथे पुराच्या दिवसांत प्राणी महामार्ग ओलांडून उंच डोंगरांकडे जातात. त्या काळात त्या रस्त्याने गाडी हळू नेणं ही उद्यानात न शिरताही करता येईल अशी मदत आहे.

तुमच्या हातात असलेल्या गोष्टी : गर्दीच्या फाटकाऐवजी कमी गाजलेलं फाटक, सुट्टीऐवजी मधला वार, दोन धावत्या फेऱ्यांऐवजी एक लांब मुक्काम.

परतल्यावर नोंदींचं काय करावं?

ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्टसारख्या, लोकांच्या निसर्गनोंदी जमा करणाऱ्या संकेतस्थळांवर टाका, अभ्यासक त्या खरोखर वापरतात. धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण या दोन्ही ठिकाणी झाकलं जातं. तारीख, वेळ, अधिवास आणि संख्या लिहा. ‘साळुंक्या, बऱ्याच’ यापेक्षा ‘साळुंक्या, १४, नदीकाठच्या कुरणात, सकाळी ७.२०’ ही नोंद कामाची. आणि नेहमीचे पक्षी गाळू नका. पुढच्या वर्षी त्याच कुरणात चारच साळुंक्या दिसल्या, तर ते कळायला आजचे १४ लिहून ठेवलेले असायला हवेत.